वाटसरू घरी पोचेपर्यंत

मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढे चाळीस वर्षं ट्रक चालवला. पुणे-कलकत्ता, पुणे-गुवाहाटी, असल्या लांबच्या लाईनी. तेव्हा शब्दांबद्दल मी काही सांगावं हा विनोदच आहे. पण एका शब्दाने माझे सात महिने खाल्ले, म्हणून लिहितो.

शब्द साधा आहे. वाटसरू. पुस्तकात असतो, बोलताना कोणी वापरत नाही. रस्त्यावर मला कधी कोणी वाटसरू म्हटलं नाही. नाक्यावरचा पोलीस ‘ए ड्रायव्हर’ म्हणायचा, धाब्यावरचा ‘उस्ताद’ म्हणायचा, गाडीचा मालक काय म्हणायचा ते लिहिण्यासारखं नाही. वाटसरू म्हणणारी एकच, माझी बायको.

तिच्या माहेरी एक रीत होती. घरातलं माणूस लांबच्या वाटेला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही. काढला तर त्याची परत यायची वाट झाडली जाते. ही रीत पुष्कळ घरांत आहे, पण लोक तासभर पाळतात आणि सोडून देतात. ही मात्र माणूस पोचल्याचा निरोप येईपर्यंत पाळायची. केरसुणी दाराआड उभी करायची आणि शेजारणीने विचारलं तर सांगायची, ‘घरचा वाटसरू अजून पोचला नाही.’ माणूस मेल्यावर उलटं असतं. तिरडी उंबऱ्याबाहेर पडली की आत लगेच केरसुणी फिरते. त्याने परत फिरू नये म्हणून. म्हणजे जित्यासाठी झाडायचं नाही आणि मेलेल्यासाठी झाडायचं. एवढं समजलं की माझी पुढची गोष्ट समजेल.

सुरुवातीची वर्षं मी फोनबिन करत नसे. फोन करायचा म्हणजे गाडी बाजूला घ्या, बूथ शोधा, रांगेत उभे राहा. एकदा बावीस दिवसांनी परत आलो, कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवला, तर फरशीवर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ.

मी म्हटलं, ‘हे काय आहे?’

ती म्हणाली, ‘तुम्ही पोचल्याचं कुठे कळवलंत? मी केर काढणार कधी?’

‘मग बावीस दिवस असंच?’

‘असंच. पोरगी शिंकून शिंकून बेजार झाली. पण तिच्या बापाला वेळ नव्हता.’

मी तिला वेडी म्हटलं. पण पुढच्या खेपेपासून फोन करायला लागलो. आपल्यापायी बायकोने धुळीत बसावं हे काही बरं दिसत नाही. खाली वाण्याच्या दुकानात फोन होता. तिकडून लाईन लागली की मी ओरडायचो, ‘गुवाहाटीला पोचलो, वर सांगा.’

वाणी म्हणायचा, ‘केर काढू दे ना वहिनींना?’

‘हो.’

‘थांबा, लिहून घेतो. आसामहून केर काढायला मंजुरी आली.’ आणि मग जिन्याकडे तोंड करून, ‘वहिनी, झाडा.’

गल्लीतल्या तांबटांपासून सगळ्यांना कळायचं, मी पोचलो.

निघताना ती उंबऱ्याच्या आत उभी राहायची. कुठे चाललात विचारायची नाही, ते विचारत नाहीत. मी ‘जातो’ म्हणायचो. ती म्हणायची, ‘येतो म्हणा.’ चाळीस वर्षं मी जातो म्हटलं आणि चाळीस वर्षं तिने सुधारलं. मी सुधारलो नाही. डोळ्यांना त्रास व्हायला लागला, गाडी चालवणं सुटलं, घरी बसलो. मग सहा वर्षं मंडईपलीकडे कुठे गेलो नाही. तेव्हा ती रोज सकाळी माझे पाय वर करायला लावून केर काढायची आणि म्हणायची, ‘वाटसरू बरा होता. हा घरातला दगड झाडणाऱ्याला आडवा येतो.’

गेल्या दिवाळीनंतर तिची छाती भरून यायला लागली. आठवडाभर काढा, वाफ, शेक सगळं झालं. मग एके दिवशी सकाळी मी रिक्षा बोलावली. जिना ती स्वतःच्या पायांनी उतरली. उतरण्याआधी दारात थांबली, कठडा धरला आणि मला म्हणाली, ‘आता वाटसरू मी. मी घरी पोचेपर्यंत केर काढू नका.’ दम लागला होता, तरी पुढचं सोडलं नाही. ‘तसेही तुम्ही कुठले काढताय.’

मग ‘येते’ म्हणाली. मला नाही, मी तर बरोबरच होतो. घराला म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, ‘आजोबा, उद्या सोडतील बहुतेक. घर झाडून पुसून घ्या हं. धूळ चालायची नाही त्यांना.’ तोपर्यंत लेक आली होती. तिला तिथे बसवून मी घरी आलो. आंघोळ केली. चहा टाकला. आणि दाराआडची केरसुणी उचलली.

आयुष्यात पहिल्यांदा. तिने सांगितलेलं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. म्हटलं, ती उद्या येतेच आहे, आणि येऊन बघेल तर घर लख्ख, आणि मी सांगेन की मी केलं, आणि ती म्हणेल, कोपरे राहिलेत. मला ते ऐकायचं होतं. खाटेखालून काढला, कपाटामागून काढला, आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणला, जिन्याच्या तोंडाशी गोळा केला. शीळसुद्धा घातली असेन. सुपलीत भरत होतो तेव्हा फोन वाजला. लेक एवढंच म्हणाली, ‘बाबा, लगेच या.’

मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. हृदय थांबलं, म्हणाले. वय, आधीचा दमा, सगळं समजावून सांगितलं. मी मान हलवली. तिथूनच घाटावर नेली. अरुंद गल्ली, वर उभा जिना, घरी आणायचं कशाला, असं सगळे म्हणाले आणि मी पण हो म्हटलं. म्हणजे ‘येते’ म्हणून गेलेली बाई घरी पोचलीच नाही. आणि मेलेल्या माणसामागे करायचं ते मी ती जिवंत असताना करून बसलो होतो. माझ्या हाताने. शीळ घालत.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, असं काही नसतं हो. असं काही नसतं हे मलाही माहीत आहे. मी चाळीस वर्षं गाडीला लिंबू-मिरची बांधली ती मालकाच्या समाधानासाठी. पण माहीत असणं वेगळं आणि रिकाम्या खोलीत बसणं वेगळं.

तेराव्याला गुरुजी म्हणाले, गेलेल्याला वर्षभर वाटचाल असते. त्यांनी ते रोज चार घरी सांगत असतील तसंच सांगितलं. मी मात्र तेवढं धरलं. म्हटलं, मग आता तरी झाडायचं नाही. लेक खडकीला राहते, जावई तिथल्या कारखान्यात आहे. ती दर रविवारी येऊन स्वयंपाकघर आवरायची. बाहेरच्या खोलीत केरसुणी घेऊन आली की मी खाटेवरून उठून उभा राहायचो.

‘बाबा, घर आहे का गोदाम आहे हे?’

‘माझं आहे.’

‘लोक नावं ठेवतील.’

‘ठेवू दे. लोकांना काम नको?’

ती केरसुणी आपटून ठेवायची. तशी आपटू नये, तिच्या आईने बोलणी दिली असती.

धूळ वाढत गेली. खाटेपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत माझ्या पावलांची वाट पडली, रानात पडते तशी. बाकी सगळीकडे पांढरट थर. मी सकाळी वाकून बघायचो. काय बघतो ते मलाच कबूल करायला लाज वाटायची. उंबऱ्याच्या आत, दाराच्या डाव्या अंगाला, हातभर जागेत धूळ बसत नव्हती. तिथे ती उभी राहायची. दाराखालून वारा येतो, म्हणून नसेल बसत. मी फटीला फडकं लावून बघितलं. तरी बसली नाही. मग मी फडकं काढून टाकलं. उगाच तिला कशाला अडवा.

आणि पहाटे आवाज यायचा. केरसुणीचा. सुरुवात नेहमी आतल्या खोलीतून, मग दारापाशी थोडा थांबायचा, मग खाटेकडे यायचा. मी पाय वर घ्यायचो. झोपेत नाही, जागेपणी घ्यायचो. खाली तांबटाचा पहिला ठोका पडला की आवाज बंद. मी भीत नव्हतो. ती एवढी झाडते आणि धूळ तेवढीच कशी राहते, याचंच मला वाईट वाटायचं.

असे दिवस काढता काढता मला एक पळवाट सुचली. ड्रायव्हर माणूस, पळवाट शोधणारच. वाटसरू म्हणजे लांब पल्ल्याचा. गुवाहाटीला जाणारा. कसब्यातून दवाखाना रिक्षाने दहा मिनिटं. दहा मिनिटांच्या वाटेला कोणी वाटसरू होत नाही. ती थट्टेने म्हणाली होती. आणि ती वाटसरू नसेल तर ती रीतच लागू नाही, आणि रीत लागू नसेल तर मी काही केलं नाही. फक्त हे कोणी शिकलेल्या माणसाने सांगायला हवं होतं.

शनिवार पेठेत एक वाचनालय आहे. तिथे एक निवृत्त मराठीचे सर रोज दुपारी पेपर वाचत बसतात हे मला ठाऊक होतं, कारण त्यांच्या मुलीच्या लग्नाचं सामान मी एकदा टेम्पोने नेलं होतं. गेलो. बाकावर शेजारी बसलो.

‘सर, एक विचारायचं होतं.’

‘इथे लोक वाचायला येतात.’ त्यांनी पेपर खाली केला नाही. ‘विचारा. पण हळू. बाकीचे झोपलेत.’

‘वाटसरू म्हणजे कोण?’

आता पेपर खाली आला. ‘शब्दकोडं सोडवताय का?’

‘नाही. हवंय.’

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. बायको गेल्याचं त्यांना ठाऊक असावं. मग चष्मा पुसला, कपाटातून एक जाड कोश काढून आणला आणि न उघडताच मांडीवर ठेवला. म्हणाले, ‘वाट आणि सरणे. सरणे म्हणजे पुढे जाणं. वाटेवर पुढे पुढे जातो तो वाटसरू. मुशाफर बाहेरून आला, सफर करतो तो. प्रवासी आपला जुना, त्यात वास आहे, वास म्हणजे राहणं. घर सोडून लांब राहतो तो प्रवासी. पांथस्थ म्हणजे वाटेत असलेला. कुठला हवाय तुम्हाला?’

‘वाटसरूच. किती लांब गेला तर वाटसरू?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे मैल. दोन मैलांवर गेला तर चालेल का?’

सर हसले नाहीत. पुण्यात हे विशेष. त्यांनी कोश उघडला, बोट फिरवलं, मिटला. ‘मैल दिलेले नाहीत हो. शब्दात अंतर नसतं. तुम्ही कसब्यातून शनिवारात आलात, वाटेत होतात तोवर तुम्ही पण वाटसरूच. पोचलात की नाही. एवढाच नियम. निघाला आणि अजून पोचला नाही, तो वाटसरू.’

‘दवाखान्यात जाणारा पण?’

‘कुठेही जाणारा.’

मी आभार मानले आणि उठलो. ते मागून म्हणाले, ‘मी काही चुकीचं सांगितलं का?’ मी म्हटलं, ‘नाही सर. बरोबरच सांगितलंत.’ शनिवारवाड्यावरून येताना तेच घोळत होतं. निघाली आणि अजून पोचली नाही. याहून बरोबर तिच्याबद्दल कोणी काही सांगितलं नसतं. पळवाट बंद झाली. पुढे खिंड आणि मागे घेता येत नाही, अशा जागी गाडी अडकते ना, तसं.

पुढच्या रविवारी लेक आली ती ठरवूनच आली होती. पदर खोचला, केरसुणी घेतली. मी उभा राहिलो. ती म्हणाली, ‘आज सरका.’ मी म्हटलं, ‘नाही.’ ती म्हणाली, ‘कारण सांगा, मग नाही काढत.’ मी भिंतीकडे बघून सगळं सांगितलं. दारातलं आईचं बोलणं, सिस्टरचं सांगणं, सुपली, फोन, सर. सांगून झाल्यावर खाली बसलो.

ती माझ्याजवळ खाली बसली. मग म्हणाली, ‘बाबा, तुमची गाडी नाक्याला लागायच्या आत आई केर काढायची.’

‘काय?’

‘सगळा. दोन्ही खोल्यांतला. मी सुपली धरायचे.’

‘खोटं बोलू नकोस.’

‘वीस-वीस दिवस कोण बसेल धुळीत? खाली तांबटांचा धूर, तिला दमा. तुम्हाला एवढं पण कळलं नाही?’

‘अगं मी स्वतः बघितली धूळ. बावीस दिवसांनी आलो तेव्हा.’

‘ती चार दिवसांची होती. तुम्ही नाशिक सोडल्याचं तुमच्या ऑफिसातून कळलं. तुम्ही यायच्या बेतात म्हणून त्याच्या आधी चार दिवस झाडलं नव्हतं, आणि त्या दिवशी जिन्यातली थोडी आणून टाकली. मी सात वर्षांची होते. मला वाटलं खेळ आहे.’

मी विचारलं, ‘कशासाठी?’

‘तुम्ही फोन करत नव्हतात. एकदा तिकडे पुलावरून कुठला तरी ट्रक पडल्याचं पेपरात आलं, तुमचा पत्ता नाही. तीन दिवस ती जेवली नाही. मी विचारलं, बाबांना सांगत का नाहीस? तर म्हणाली, तुझ्या बापाला, मी काळजीत आहे म्हटलं तर कळायचं नाही. केर तुंबलाय म्हटलं तर कळेल.’

हे तिचंच वाक्य. लेकीला असं रचता येत नाही.

मला आधी राग आला. तिकडे ऊन असो, पाऊस असो, मी बूथ शोधत फिरायचो, का तर घरी धूळ तुंबली असेल. आणि घर रोज लख्ख. मग राग ओसरला आणि त्याच्या जागी काही आलंच नाही. लेकीला वाटलं बापाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. उतरलं हे खरं. पण त्या ओझ्याबरोबर ती होती. मी तिची वाट झाडली असं मी मानत होतो, तोवर ती कुठेतरी वाटेत तरी होती. चुकलेली, थांबलेली, पण घराकडे तोंड करून. आता रीत गेली, दोष गेला, आणि वाटेवर कोणी राहिलं नाही. ती दवाखान्यात मेली. नुसती मेली. हे मला सात महिन्यांनी त्या दिवशी कळलं.

लेकीने केरसुणी पुढे केली. मी म्हटलं, ‘तू जा. मी काढतो.’

‘नक्की?’

‘काढतो म्हटलं ना.’

ती चपला घालत होती. मी म्हटलं, ‘पोचलीस की फोन कर.’

तिने वर बघितलं. पन्नाशीला आलेली बाई ती, इतक्या वर्षांत मी तिला हे कधी म्हटलं नव्हतं. ‘खडकीला जातेय बाबा. आसामला नाही.’

‘तरी कर.’

ती गेली. मी केरसुणी हातात घेऊन खाटेवर बसलो. म्हटलं, फोन आला की काढू. खडकी ती किती, लोकलने दोन स्टेशनं, बसने अर्धा तास. अर्धा तास झाला. तास झाला. मी फोन उलटासुलटा करून बघितला, आवाज चालू होता. दीड तासाने मला स्टेशनवरचा पूल दिसायला लागला, तिथली गर्दी, मग हायवे ओलांडायची जागा, मग वळणावर जोरात येणाऱ्या गाड्या. चाळीस वर्षं मी त्या गाडीत होतो. बाहेर उभं राहून ती गाडी कशी दिसते हे कधी बघितलं नव्हतं. मी उठून पाणी प्यायलो. मीच फोन केले तर ती उचलेना.

दिवेलागणीला तिचा फोन आला. ‘अहो बाबा, भाजी घ्यायला उतरले, मग शेजारीण भेटली, विसरलेच बघा. कशाला एवढे फोन केलेत?’

मी म्हटलं, ‘काही नाही. केर तुंबलाय.’

मग फोन ठेवला, तिने का मी ते आठवत नाही.

तोवर दिवा लावायची वेळ झाली होती आणि दिवा लागल्यावर केर काढत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. ही पण तिचीच शिकवण. खरी रीत, का संध्याकाळी तिला घटकाभर पाठ टेकता यावी म्हणून तिने घातलेली, हे आता कोणाला विचारणार. मी केरसुणी दाराआड उभी केली आणि दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आवाज आला नाही. मी वाट बघितली. तांबटाचा ठोका पडला तरी आला नाही. मग उठलो आणि आतल्या खोलीपासून सुरुवात केली.